लवंग्याच्या खोडी

बसा की मोहनराव, कुत्रं कुठं पळून जातंय? माझ्या दिग्विजयनं कुत्रं द्यायचंय म्हणून मोबाईलवर फोटू टाकला काय, आन तुमी बारामतीवरनं फटफटी काढून कळंबपतूर आला काय! न्या की, लेकाचं कुत्रं हाय, मला न्हाय त्याची माया-बिया. पर आधी त्याच्या खोडी ऐका, मागनं म्हणाल कुशाबाईनं फसवलं. दिसतंय इवलंसं — व्हय, मांजराएवढंच — पर भुंकलं की लवंगी फटाकडी, म्हणून नाव लवंग्या. जात विलायतेची, टेरियर. आमची नात श्रेया सुट्टीला आली की वाचून दावती — तिकडं कुणी पाद्री व्हता, देवाधर्माचा माणूस, पर जीव सगळा कोल्ह्याच्या शिकारीत! त्यानं म्हणं ही जात वाढवली. बारीक कशापायी? बिळात शिरावं म्हणून. पांढरी कशापायी? बाकीच्या कुत्र्यांनी कोल्हा समजून हिलाच फाडू नये म्हणून. आन आत अडकली तर शेपूट धरून वडायची. म्या वडलंय की! उसाच्या बांधाला घुशीचं बीळ, हे आत, नुसती शेपूट भाईर वळवळतीया, आन मी बांधावर पालथी — लोकं पळत आली, म्हातारीला फिट आली म्हणून!

हसताय काय? खोडी सांगतिया मी. ठिबकच्या नळ्या उकरल्या, म्हणून तर दिग्विजय पेटला. घरात उंदीर म्हणून ठिवला न्हाय. घुशीचा वास आला की भाकरीला तोंड लावत न्हाय, बिळापाशी बसतंय, हाक मारली तर कान सुदिक हलवत न्हाय. परवा घुशीनं नाक फोडलं. म्या मांडीवर घिऊन हळद लावली, फुकर घातली — तर हळद वाळायच्या आधी गडी परत बिळात! असलं हट्टी कुत्रं तुमाला कशाला वो?

आँ? पशुखाद्याचं गोडाऊन? एमआयडीसीत? घुशी झाल्यात? — अगं बाई! आदी न्हाय का सांगायचं? मी आपली मघापासनं — अवो, खोटं हाय सगळं! घुशीला बघून माझ्या पदराखाली लपतंय त्ये. नाकाला दार लागलं व्हतं. साखळी कशाला काढताय? ठिवा ती खिशात.

दिग्विजय हो म्हणलाय? त्याचं काय जातंय हो म्हणाया! सकाळी त्यो जातो, सून जाती, श्रेया हास्टेलवर. दिसभर मी बोलायचं कुणाशी, ठिबकच्या नळीशी? ह्यो माझं ऐकत न्हाय, पर जवळ बसतोय. बिळातनं आला की आदी मला हुडकतोय. माया हाय माझी, लई हाय. न्हाय द्यायचा मी त्याला, दिग्विजयला काय सांगायचं त्ये माझं मी बघीन.

च्या प्या आन निघा. न्हाय, बांधत न्हाय मी त्याला. गाडी तेवढी जोरात सोडा, पाय वर घिऊन.