नवसाबाईंची हळदीची गाणी

“हॅलो?… हां, बोल साधना. दुपारची कशी काय?… अगं हळू बोल, काही कळत नाहीये.”

अपूर्वा नुकतीच जेवायला बसली होती, गंगापूर रोडवरच्या आपल्या छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत. २००८ मधला मे महिना. मागच्याच महिन्यात कळवणहून साधना आणि तिच्या सासूबाई, नवसाबाई, इथे येऊन हळदीची सहा गाणी रेकॉर्ड करून गेल्या होत्या. गाणी रचली सासूनं, गायली सुनेनं. आज अपूर्वा ती इंटरनेटवरून एका वितरक कंपनीला पाठवणार होती.

“कोण आलंय?… कॅसेट कंपनीचा माणूस? मुंबईहून, थेट घरी?… पोहे खातोय. खाऊ दे की. सही केली का कुणी?… धोंडीरामकाका पेन शोधतायत? साधना, तुझ्या सासऱ्यांना पेन सापडू देऊ नकोस. आधी ऐक.”

“हो, हो… असेल गं चांगला माणूस. पण मागतोय काय?… एकदाच पैसे, आणि गाणी कायमची त्यांची. मग उद्या दुसऱ्या कुणाला द्यायची झाली तर?… तेच ना.”

“नाही, मी करतेय ते वेगळं. मी गाणी पाठवतेय ती नुसती पोचवणारी मंडळी आहेत. मोबाइल कंपन्यांना कॉलर ट्यूनसाठी देतात, परदेशातल्या इंटरनेटवरच्या दुकानांत लावतात. कुणी घेतलं की त्यांचं कमिशन कापून बाकीचं आपल्याला… अगं ऐक ना. कांदा विकताना अडत्याला कमिशन देता, पण शेत त्याच्या नावावर करता का?… हां. तो शेत मागतोय.”

“बरं, त्या कागदावर गीतकार कोण लिहिलंय? बघ जरा… ‘पारंपरिक’?”

अपूर्वानं हातातला घास खाली ठेवला. रेकॉर्डिंगच्या वेळी साधनाचा एक शब्द इकडचा तिकडे झाला, तेव्हा नवसाबाईंनी तिला थांबवलं होतं. ते गाणं त्यांनी लेकीच्या हळदीच्या दिवशी, चुलीपुढे बसून रचलं होतं.

“साधना, पारंपरिक म्हणजे हे असंच चालत आलेलं, करणारं कुणी नाही. मावशींना, तुझ्या सासूबाईंना, माहितेय हे?… मग वाचून दाखव. फोन चालूच ठेव, मी थांबते.”

पलीकडे भांडी वाजली, कुणीतरी घसा खाकरला, शब्द मात्र कळेनात. स्टुडिओच्या नावानं बाहेर जाणारी ही पहिलीच गाणी होती. काकांनी सही केली तर ती तिला पाठवता येणार नव्हती. हे तिनं साधनाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगावंसंही वाटेना.

“हॅलो?… मावशी, तुम्ही?… छे, रागावू कशाला. गाणं तुमचं, तुम्ही म्हणाल तसं… सीडीवर फोटो छापतील, खरंय ते. माझ्याकडे सीडी नाही. मोबाइलवर, नाहीतर कॉम्प्युटरवर ऐकायचं… कुणी नाही ऐकलं तर?”

तिनं ताट बाजूला सरकवलं.

“नाही ऐकलं तर नाही ऐकलं, मावशी. मी शब्द देत नाही. पण मस्कतला लग्न होऊन गेलेल्या एखाद्या पोरीनं ऐकलंच, तर तिला कळेल, हे कळवणच्या नवसाबाईंनी रचलंय.”

“…मावशी?… काय सांगितलंत त्याला?… चहा घेऊन जा, गाणी नाही मिळायची. असं तोंडावर?… आणि काका काय म्हणाले?… ‘तिची गाणी, तिला विचारा’? काका म्हणाले असं?”

अपूर्वा खुर्चीत मागे टेकली.

“आता नाव सांगा, तसंच लिहिते. गायिका साधना, ते झालं. गीतकार?… नुसतं नवसाबाई? आडनाव नको?… बरं. न-व-सा-बा-ई. झालं. पाठवते आजच.”

“अजून आहेत म्हणता? हळदीचीच?… मग त्या दिवशी का नाही बोललात?… नाही, आम्ही कशाला कंटाळतोय. रविवारी मशीन घेऊन मीच येते… हो, जेवायलाच येते… अहो आत्ता नका म्हणू, फोनवर नीट येत नाही… मावशी, ऐका तर… बरं, म्हणा.”

नवसाबाईंनी सूर लावला. अपूर्वानं पंखा बंद केला आणि फोन कानाशी घट्ट धरला. दुसऱ्या कडव्यावर लाइन तुटली.

तिनं लगेच उलटा फोन लावला.