विहिरीकाठची माती

भाची : सर, चाचणी परत केली. माती औषध धरून ठेवत नाहीये.

मामा : धरत नाही म्हणजे? परवापर्यंत तर गोचिडासारखी धरत होती!

भाची : परवा आपण नुसतं शुद्ध कीटकनाशक पाण्यात घातलं होतं. आज कंपनीच्या डब्यातलं घातलं, विकतात तसंच. त्यात द्रावक असतो. तो असला की औषध मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं.

मामा : मग द्रावक घालायला तुला सांगितलं कुणी?

भाची : तो डब्यातच असतो, सर.

मामा : असेना! आपल्याकडे औषध तपासायला आलंय, डबा नाही. आणि शेतात त्यात पंपभर पाणी घालतात. द्रावक उरतो नावाला.

भाची : फवारताना नावाला. पण पंप भरतात विहिरीच्या काठावर. डबा तिथेच उघडतात, तिथेच सांडतात, तिथेच विसळतात. मी तीच माती आणली.

मामा : अगं, माती शेताच्या मधली आणायची. जरा चांगल्या घरची!

भाची : पण मामा...

मामा : ऑफिसात सर.

भाची : सर, ‘औषध विहिरीत उतरत नाही’ असं आपण लिहिलं की कंपनी तेच डब्यावर छापणार. लोक निर्धास्त पाणी पिणार.

मामा : हे बघ, तुला कायम करायचं माझ्या हातात आहे. कंपनी आपल्याला नवं यंत्रही देतेय. उगाच मोडता घालू नकोस.

भाची : आणि माझा निकाल?

मामा : ‘पुढील संशोधनास वाव आहे’ असं शेवटी टाकू. शास्त्राची अब्रू तेवढ्यावर राहते.

भाची : बरं. माती कुठल्या विहिरीची, ते लिहू?

मामा : कुठल्या?

भाची : आजीच्या. घरामागच्या. शेजारचे सगळे तिथेच पंप भरतात.

(मामा चष्मा काढून पुसत राहतात.)

मामा : आई अजून तेच पाणी पिते?

भाची : तुम्हीच सांगितलंत ना तिला, आमच्या प्रयोगशाळेने तपासलंय, खुशाल पी म्हणून.

मामा : फोन लाव तिला.

भाची : अहवालाचं काय करू?

मामा : आधी फोन लाव म्हटलं ना!

भाची : लागला. आजी, मामा बोलतायत हं.

मामा : आई, ऐक. विहिरीचं पाणी आजपासून प्यायचं नाही. स्वयंपाकालाही नाही... अगं, घाबरण्यासारखं काही नाही... शेजाऱ्यांना? नको, शेजाऱ्यांना एवढ्यात काही बोलू नकोस.