कडी का लावलीस

बसा तरी, विहीणबाई— दारात उभं राहून समजूत घालायला मी काही रुसून बसलेली नाही. आणि त्या टेबलापासून जरा लांब, इस्त्री तापलीय. हां. तर काय निरोप? ‘चुकलं’ एवढं म्हणायचं आणि नातवाला भेटायचं, असंच ना? वा! हा शब्द तुमच्या लेकीचा की माझ्या मुलाचा? त्याचाच? मग स्वतः यावं की त्यानं, सासूला कशाला पुढं घातलं? बाप झालाय ना आता! बघितलंय मी त्याचं बापपण. पोराला छातीशी बांधून घरभर हिंडतो, कंडक्टरची बॅग असावी तसा, आणि विचारतो काय— ‘तुला काय वाटतं रे, आधी आंघोळ की आधी दूध?’ अहो, तोंडात दात नाहीत, त्याला काय वाटणार! नुसता ओठ वाकडा झाला की हा धावला. मी म्हटलं, अरे रडू दे जरा, फुप्फुसं मोकळी होतात— तर माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी पोराला खिडकीतून टाकायला सांगितलं.

हो, सांगते ना त्या दिवसाचं. तुम्हाला सांगितलंच असेल त्यानं तिखटमीठ लावून— नाही? काहीच नाही सांगितलं? मग माझ्याकडून ऐका. तुमची लेक कामावर, ह्याला अचानक बोलावणं आलं, तुम्ही परगावी— म्हणून मी गेले त्यांच्या घरी. एरवी माझी आठवण कशाला होतेय! दूध पाजलं, कोरडं केलं, खांद्यावर घेऊन फिरले, तरी थांबेना. माझ्याकडं बघितलं की जास्तच. मग ठेवलं आतल्या खोलीत, खाली गादी घालून, पडायला नको म्हणून— हे कुणी सांगत नाही, खाली गादी घातली होती— आणि दार लावलं. स्वयंपाकघरात नळ सोडला आणि भांडी घासत राहिले. किती वेळ? मला काय माहीत. भांडी होईपर्यंत. भांडी बरीच होती. हा आला तेव्हा पोर रडत नव्हतंच, विचारा त्याला! डोळे उघडे ठेवून गप्प पडलं होतं. झालं की नाही गप्प? आता ह्यानं ओरडावं, भांडावं, मी तयारीतच होते. तर हा पोराला उचलून तिथंच खाली बसला, भिंतीला पाठ लावून, आणि थरथरायला लागला. एवढा थोराड पुरुष! आणि म्हणतो काय, ‘आई, कडी का लावलीस?’

कडी का लावलीस! अहो, हा स्वतः तेव्हा जेमतेम चालायला लागलेला, ह्याचा बाप घर सोडून गेलेला, आणि हेच दुकान, ही एवढीशी जागा— इकडं इस्त्री, तिकडं वायर, मागं कपड्यांचे गठ्ठे. शेजारच्या शिंपिणीच्या पोरीनं वायर ओढून इस्त्री पायावर घेतली होती, ती किंकाळी मी ऐकलीय, तुम्ही नाही. मग ह्याला कुठं ठेवायचं होतं मी, डोक्यावर? मागची खोली आणि बाहेरून कडी. खिडकी नव्हती, मान्य. पण भाजला का कुठं? अंगावर एक डाग दाखवा मला! पहिल्यापहिल्यांदा दारावर बुक्के मारायचा, मग शहाणा झाला. संध्याकाळी कडी काढली की म्हणायचा, ‘आई, मी आज गप्प बसलो ना?’ इतका गुणी! गिऱ्हाइकं विचारायची, बाई, तुम्हाला मूलबाळ नाही का— इतका पत्ता लागू द्यायचा नाही. शाळेत जायला लागला तरी कधी कधी लावावी लागायची. तेव्हा वायरचं काही नव्हतं म्हणा, तेव्हा— ते जाऊ द्या. मुलं वैताग आणतात.

काय म्हणालात? परत म्हणा. नुकतं पालथं पडायला लागलेलं पोर दार उघडून कुठं जाणार होतं? वकिली करायला आलात होय! अहो, हाताला सवय असते. दार ओढलं की हात कडीवर जातो, त्यात काय ठरवायचं असतं? लावली. बस, लावली.

हात नका धरू माझा. कोण? समोर कुठं? तो तिथं उभा आहे, पोराला घेऊन, आणि हे आत्ता सांगताय मला? केव्हापासून— आणि उन्हात! टोपी तरी— घातलीय, हो. काय वाढलंय हो पोर. त्याला ऐकू गेलं असेल का सगळं? माझा आवाज काही हळू नाही. गेलं तर गेलं, खोटं थोडंच बोलले! रस्ता ओलांडून यावं की त्यानं, मी काय खाणार आहे? आला तर मीही काही अगदीच— मी म्हणणारच होते की— अहो, वळला की तो. वळला! हाक मारा ना, तुमचं ऐकतो तो— नको. थांबा. मुळीच मारू नका. बघा कसा चाललाय, पोराच्या डोक्यावर हात धरून, मागं वळून बघणं नाही. मी बोलत होते ना अजून? माणसाचं बोलणं पुरं तरी होऊ द्यावं!

तुम्ही काय माझ्या तोंडाकडं बघत बसलाय? चला, मला शर्टं उरकायचीत. त्याला सांगा— काही सांगू नका. निघा.