राबावरचं नवं गवत

जव्हार संस्थानाच्या जंगल कचेरीपुढे शिवराम मास्तर शाळेच्या छपरासाठी बांबूचा परवाना मागायला बसले होते. शेजारी दाभोशाचा ढवळू आणि त्याची बायको नवशी वणव्याच्या चौकशीच्या पुकाऱ्याची वाट पाहत होती. मास्तरांनी पुस्तकात डोकं घातलं, पण कान बाहेरच राहिले.

"भाताच्या रोपासाठी राब भाजताना वणवा सुटला, एवढंच सांग," नवशी म्हणाली.

"राब बापही भाजायचा. कधी सुटला?"

"बाप वर ऐनाचा पाला घालायचा. तू ते नवं गवत घातलंस."

"रानात माजलंय, तेवढं कमी होईल म्हटलं. पाल्याची आग घोट्याएवढी, सरपटत जाते. हे तेल ओतल्यासारखं पेटलं. बांधापलीकडे तेच उभं, कमरेएवढं. तिथून आग झाडांच्या शेंड्याला गेली."

"जंगलसाहेबाच्या घोड्यांच्या चाऱ्यातून आलं म्हणतात ते गवत."

"घोड्यांना कोण कचेरीत बोलावतोय?"

"हसू नको, चैतीच्या बापा. साहेबानं राब बंद केला तर भाताचं रोप कुठं करू?"

"तू रान बघून आलीस ना?"

"काल गेले. ऐनाची रोपटी सगळी करपली. गवत बोटभर फुटलंय."

"आठ दिवसांत?"

"आधीपेक्षा दाट."

"म्हणजे पुढल्या वर्षी पुन्हा पेटणार. मी चूल नाय पेटवली तरी."

"आणि बोलावणं तुलाच."

आतून ढवळूच्या नावाचा पुकारा झाला. गुडघ्यावर हात टेकून तो सावकाश उठला.

"नवशे, ही खांबाजवळची जागा पुढल्या वर्षीसाठी ध्यानात ठेव. सावली बरी आहे."