गेनूचा हात कुणी मोडला?

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न — आणि तो पुढं बसलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांना. मागचे मोठे फार शहाणे, त्यांना उत्तर द्यायच्या आधी शेजाऱ्याकडं बघावं लागतं! तर सांगा बाळांनो, तुम्ही धाकट्या बहिणीची बाहुली मोडली. आईनं कोपऱ्यात उभं केलं. पाय दुखेस्तोवर उभे राहिलात. आता मिटलं का सगळं?

काय म्हणतेस, चिमणे? "मिटलं"? बरं! बाहुली जोडली गेली? नाही? बहिणीचं रडं थांबलं? तेही नाही? मग तुझ्या उभं राहण्याचा फायदा झाला कुणाला — कोपऱ्याला?

हाच प्रश्न घेऊन आज आपण तुरुंगात जाऊ. घाबरू नका, आख्यान संपलं की सगळ्यांना सोडतो!

नांदखेड नावाचं गाव. तिथं रायाजी नावाचा गडी. गाव त्याला अण्णा म्हणे. मिशी अशी, की आधी मिशी यायची, मागून अण्णा! तो पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिला आणि — सपशेल पडला. दुसऱ्या दिवशी दाढीला गेनूच्या दुकानात गेला. गेनू न्हावी माळकरी माणूस, पण थट्टेखोर. आरशात बघून म्हणाला, "अण्णा, मिशी जरा खाली घेऊ का?"

दुकान हसलं! तुम्हीही हसलात की! रायाजी हसला नाही. गुमान उठून गेला, आणि संध्याकाळी दुकान बंद होताना परत आला. आसपास कुणी नव्हतं. गेनू चौकटीला धरून उभा — आणि अण्णानं ते लोखंडी दार धाडकन लोटलं. बोटं चेचली. उजवा हात! न्हाव्याचा!

मग घाबरला. रातोरात एक वाक्य तयार केलं, भावाकडून घोकून घेतलं — "अण्णा तिथं नव्हता. गेनू दारू पिऊन पडला." पोलिसांना तेच, कोर्टात तेच. न्यायाधीशांना पटलं नाही. डॉक्टर म्हणाले, पडून अशी बोटं चेचत नाहीत. झाली शिक्षा. पण गावाला? गावाला फार पटलं! "माळ घालतो आणि ढोसतो बघा!" अशी गोष्ट कानाला किती गोड लागते, हो की नाही, मावशी? मान खाली नका घालू, मी सगळ्यांना विचारतोय!

रायाजी तुरुंगात सतरंज्या विणायला लागला. एकदा मागात बोट अडकलं, काळंनिळं झालं. जेवताना घास धरता येईना. ताटाकडं बघत बसला — आणि त्या घासापाशी त्याला गेनू आठवला. तुरुंगात मेधाताई नावाच्या समाजसेविका यायच्या. त्यांना म्हणाला, "ताई, गेनूची माफी मागायचीय." ताई म्हणाल्या, "विचारते. तो हो म्हणाला, तरच."

गेनू हो म्हणाला! मग काय, बराकीत तयारी! एक खिसेकापू म्हणाला, "अण्णा, सुरुवातीलाच पाय धर." दुसरा म्हणाला, "पाय नको, आधी रड." तिसरा म्हणाला, "रडणं मी शिकवतो, मला तीनदा जामीन मिळालाय!"

भेटीचा दिवस आला. मधे टेबल, बाजूला ताई. गेनू आला, वाकडा हात उपरण्याखाली. बसला आणि सरळ विचारलं, "अण्णा, माझा हात कुणी मोडला?"

रायाजीनं तोंड उघडलं, आणि आपोआप बाहेर पडलं — "मी तिथं नव्हतो. तू दारू पिऊन पडलास!"

घोकलेलं हो! इतकी वर्षं, इतक्या लोकांपुढं! रायाजीनं स्वतःच तोंडावर हात मारला. पण गेनू उठला होता. दारापाशी थांबून म्हणाला, "हाताचं सोड, अण्णा. माझी सून म्हणते, मामंजी, माळ काढून ठेवा, लोक हसतात. मी तिला काय सांगू?"

रायाजीला पाय आठवले नाहीत, रडणं आठवलं नाही. तो एवढंच म्हणाला, "गेनू, दार मी लोटलं. तुझी बोटं मला दिसत होती. दिसत होती, तरी लोटलं."

गेनू परत येऊन बसला. "पुन्हा म्हण."

रायाजीनं पुन्हा म्हटलं.

"हे इथं भिंतींनी ऐकलं," गेनू म्हणाला. "खोटं तू गावात सोडलंयस. खरं पण तिथंच सोड."

पुढं रायाजीला तुरुंगातून थोड्या दिवसांची रजा मिळाली, घरी आला. भाऊ म्हणतो, "अण्णा, वेडा झालास? मला लोक काय म्हणतील?" रायाजी म्हणाला, "खोटारडा म्हणतील. चल, दोघं मिळून ऐकून घेऊ." आणि शनिवारी, मारुतीच्या पारावर सगळं गाव जमलेलं असताना, तो उभा राहिला आणि सांगितलं. दार, बोटं, दारूचं खोटं — काही लपवून ठेवलं नाही.

गेनूनं मिठी मारली म्हणता? छे! तो म्हणाला, "माफीचं बघू, अण्णा. आज माझी सून ऐकायला आली होती, एवढं पुरे." आणि सुनेनं तिथंच, सगळ्यांदेखत, सासऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

मग कोपऱ्यातून म्हातारे विठूनाना उठले. म्हणाले, "रायाजीनं सांगितलं, मोकळा झाला. मी ही गोष्ट लेकीच्या सासरी सांगून आलोय, वर मीठमसाला लावून! मला उद्याची एसटी पकडायला पाहिजे." एकेक जण मान खाजवायला लागला. कुणी बाजारात सांगितलं होतं, कुणी लग्नात.

रजा संपली, रायाजी तुरुंगात परत गेला. हात मोडल्याची त्याला शिक्षा होती, मंडळी. त्याचं खोटं डोक्यावर घेऊन दारोदार वाटणाऱ्यांना कुठलं कोर्ट? कुठली बराक?

आता हात जोडा, देवाचं नाव घ्या, प्रसाद घ्या. आणि घरी जाताना एवढं आठवा — तुमच्या तोंडून निघालेल्या खोट्यापायी असा एखादा गेनू कुठल्या गावात मान खाली घालून बसलाय? सकाळची पहिली एसटी साडेसहाला सुटते. विठूनाना गेले. तुमचं काय?