समोरच्या दारावरची लाल चिठ्ठी

– नाही नाही, दारात नका उभ्या राहू, आत या ना मावशी. चपला राहू देत हो, फरशी काय, पुसता येते. इथे बसा – थांबा, खेळणी उचलते – हं. हात कसा आहे? तीन टाके म्हणजे काही थोडं नाही. ठणकतो अजून? ठणकणारच. आणि त्याच हातानं रोज कचऱ्याच्या गाडीवर! रजा नाही देत का? ...नाही देत. मी तरी काय विचारते. पाणी घ्या. जरा हळू बोलू या हं, पिल्लू आत्ताच झोपलंय, तासभर खांद्यावर घेऊन फिरवलं तेव्हा कुठे. चहा टाकू? नको कसा, टाकतेच. डाव्या हातानं कप धरता येईल ना?

तो सहीचा कागद ना? द्या इकडे. मजला-प्रमुखाची सही. म्हणजे माझी! तुम्हाला सांगते मावशी, मला स्वतःच्या घराची प्रमुख कुणी म्हणणार नाही. आमच्याकडे सगळं पिल्लू ठरवतं. पण नवे नियम आले, मीटिंग झाली, आणि मी आपली पुढे होऊन बोलले. का बोलले? कारण सहा महिने घरात बसून माणसाशी बोलायला मिळालं नव्हतं, दुसरं काय. हिरव्या बादलीत ओला, निळ्यात सुका, डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण, काच खोक्यात घालून वर मोठ्या अक्षरात ‘काच’ – सगळं धडाधड बोलून दाखवलं. लोक म्हणाले, हिचं अक्षरही छान आहे, हिलाच करा. खाली जिन्यापाशी लावलेली सूचना वाचलीत ना? ‘आपल्या आळसाने दुसऱ्याचा हात कापला जाऊ शकतो.’ हे वाक्य माझं. नियमावलीत नव्हतं, मी घातलं. मला फार आवडलं होतं तेव्हा.

आता रोज बाळाला कडेवर घेऊन खाली उतरते ना, तेव्हा त्या भिंतीकडे पाठ करून उतरते.

हो हो, सही करते, पेन कुठे गेलं – तर तुमचं म्हणणं, पिशवी समोरच्या आजींच्या बादलीत होती. बरोबर, म्हणून चिठ्ठी त्यांच्या दाराला. नियमच आहे, मिसळलेला कचरा निघाला की दाराला लाल चिठ्ठी. आणि जखम झाली तर हा कागद. पण म्हाताऱ्या बाईकडून होतं हो असं. आजोबा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, त्यांचं सगळं आजीच करतात, त्यात डोळ्यांनी नीट दिसत नाही. तपकिरी बाटली फुटली असेल, भरली असेल घाईघाईनं कचऱ्यात –

काय? मी म्हटलं तपकिरी? म्हणजे औषधाच्या बाटल्या तपकिरीच असतात ना, साधारणपणे. आजींनी सांगितलं असेल मला. नाही का? ...हो. आजींना तर फोडल्याचंच आठवत नाही, रंग कुठून सांगणार. पिशवी तर तुम्हीच उघडलीत.

थांबा, दूध उतू जातंय.

मावशी, आजी माझ्याकडे आल्या होत्या हो. चिठ्ठी लागली त्याच दुपारी. हातात ती चिठ्ठी, घडी घातलेली, जशी काही शाळेतून तक्रार आलीय. म्हणाल्या, ‘सूनबाई, तू शिकलेली आहेस, मला पुन्हा एकदा शिकव. मी फोडलेलं मला आठवतच नाही. माझ्यामुळे त्या बाईचा हात कापला.’ आणि मी काय करावं? मी शिकवलं. अहो, चांगला तासभर शिकवलं! त्यांच्या स्वयंपाकघरात बसून – हे ओलं, हे सुकं, हे दुधाचं पाकीट धुवून मग निळ्यात. मधे मधे ‘कळलं ना आजी?’ असंही विचारत होते. त्यांनी झाकणांवर बटणं शिवून – म्हणजे चिकटवून घेतलीत, एक बटण हिरव्याला, दोन निळ्याला, हाताला कळावं म्हणून. आता रोज सकाळी धुतलेली पाकिटं माझ्याकडे तपासायला आणतात. मी तपासते. ‘छान’ म्हणते.

त्यांच्या मुलाचा काल फोन आला. ‘आईला आता जमत नाही असं दिसतंय, तुम्हाला काय वाटतं?’ रविवारी येऊन बाबांना संस्थेत ठेवणार म्हणतोय. लांब आहे ती संस्था. आजींना दोन गाड्या बदलून जावं लागेल. मी म्हटलं, ‘बघा बाई, तुमच्या घरातला प्रश्न.’ ‘बघा बाई’ म्हटलं मी, पुरुषाला. इतकी गडबडले होते.

त्या सकाळी काय झालं सांगू? पिल्लूला ताप होता. औषधाची बाटली हातातून सटकली, काचा पार ओट्याखाली. ते रांगत येतंय तिकडेच. एका हातात ते, एका हातात केरसुणी – हाताशी त्याचा काढलेला डायपर होता, त्यातच काचा गुंडाळल्या, वर भाजीची देठं, सगळं एका पिशवीत. म्हटलं, नंतर वेगळं करू. आणि तुमची घंटी वाजली. नंतर कधी येतंच नाही मावशी, तुम्हाला तर माहीत असेल. मला एकच दिसत होतं – प्रमुखाच्या दाराला लाल चिठ्ठी. मी दार उघडलं, समोर आजींची बादली. त्यांच्याकडेही डायपर असतात, आजोबांचे. कुणाला कळणार? म्हातारं घर, कुणी रागावणारही नाही. एवढा विचार मी चार पावलांत केला. मंद म्हणतात मला सासरी, पण त्या चार पावलांत बघा डोकं कसं चाललं.

तुमचा हात तर मनातही आला नाही. ते वाक्य मीच लिहिलंय, तरी नाही आला.

...हा रकाना रिकामा का ठेवलाय? ‘कचरा कोणत्या घरातला.’ बाकी सगळं तुम्ही भरून घेतलंय, हाच तेवढा – काय? असं हातानं काय दाखवताय? एवढासा? ...डायपर. एवढासा होता. हो. मजल्यावर दुसरं बाळ नाहीच.

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून – आणि रोज ‘काय म्हणतंय बाळ’ विचारत होतात मला.

नका बघू अशा. ओरडा हवं तर. बाळ उठलं तर उठू दे.

बेल... आजी असतील. या वेळेला पाकिटं घेऊन येतात. तुम्ही जाता का मावशी? नको, बसा. बसा तुम्ही, तुम्ही असलात तर मला माघार घेता येणार नाही. कागद इथेच राहू दे, रकाना त्यांच्यासमोर भरते.

या आजी. हो, मावशी आहेत आत, बरा आहे त्यांचा हात. नाही, पाकिटं राहू देत, तपासायची नाहीत आज. पुन्हा कधीच नाहीत. बसा ना. आजी, ती पिशवी –