अक्षरं खालच्या बाजूला

गोल्फच्या मैदानावर, पहिल्या फटक्याच्या रांगेत, माझ्यापुढे दोन म्हातारे वाऱ्याला पाठ करून बसले होते.

“मर्डो, शनिवारी तुझा चेंडू टेकाडापार गेला की रे! नवी काठी? नवा ड्रायव्हर घेतलास?”

“नव्याला चारशे पौंड कोण मोजतो, लॅकी? काठीचं डोकं जुनंच आहे. आमच्या हिनं, सेंगानं, दुकानातल्या वापरलेल्या शाफ्टांतला एक दांडा स्वस्तात बसवून आणला.”

“कडकच ना? तरण्या पोरांचा?”

“म्हणाली, कडकच.”

“मग त्यावरची कडक की लवचिक ते सांगणारी अक्षरं कुठायत?”

“खालच्या बाजूला. तिनंच तसा बसवून घेतला. लवचिक आहे, म्हाताऱ्यांसाठीचा. कळलं असतं तर मी हात लावला नसता, हे तिला ठाऊक.”

“मग तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी, पुसताना.”

“तरी बोलला नाहीस?”

“काय बोलू, लेका? माझा हात मंदावलाय, हे तिनं माझ्याआधी ओळखलं. असं पारखणारं माणूस दुकानात मिळतं होय?”

तेवढ्यात चहाचा थर्मास घेऊन सेंगा आली.

“मर्डो, वारा समोरून आहे. जमेल ना?”

“न जमायला काय झालं? मनगटात जोर आहे अजून!”

“आहेच मुळी,” ती म्हणाली आणि अक्षरं खाली राहतील असा ड्रायव्हर त्याच्या हातात दिला.